भावकीसमोर रात्रीचं विमान

यशराजांच्या घरात भावकीला विचारल्याशिवाय बोअरसुद्धा मारत नाहीत. मग पोरीला पायलट करायचं म्हणजे केवढी मोठी गोष्ट! त्यांची शिवांजली बारावी झाली होती आणि विमान चालवायलाच शिकणार म्हणून हटून बसली होती. वडलांनी बरेच दिवस टोलवाटोलवी केली आणि शेवटी म्हणाले, "कॉम्प्युटरवर रातीचं विमान उतरवून दाव भावकीला. भावकी व्हय म्हनली, तर माझी ना न्हाई."

झालं! रविवारी भर दुपारी रहिमतपुरातली अख्खी भावकी हॉलमध्ये जमली, सुपारी फोडायला जमावी तशी. पोहे झाले, चहा झाला. शिवांजलीनं कॉम्प्युटर मोठ्या टीव्हीला जोडला आणि विमान चालवायच्या गेममध्ये रात्र लावली. ही रात्र तिनं फार कष्टानं जमवली होती. खऱ्या वैमानिकाला दिसते तेवढीच काळी. विमानातले दिवे मंद, म्हणजे डोळे बाहेरच्या अंधाराला सरावतात आणि लांबूनही धावपट्टीचे दिवे ओळखू येतात. कराडला उतरायचं होतं. जमलं तर पुढचं सगळं आयुष्य तिचं, नाहीतर आहेच मग पाहुणे, कांदेपोहे आणि पसंती.

विमान रहिमतपूरवरून निघालं आणि नाना बोलले. नाना म्हणजे नानासो, यशराजांचे थोरले चुलत भाऊ. विमानात ते जन्मात बसले नव्हते, पण त्यानं त्यांचं कधी काही अडलं नाही.

"अगं, टीव्ही बिघडलाय व्हय? कायबी दिसंना."

"रात्र हाय, नाना."

"मग उजेड वाढीव की! आमी काय अंधार बगाय आलोय?"

थोरल्यांना नाही कसं म्हणायचं? तिनं सेटिंग उघडून उजेड वाढवला. तेवढ्यात विजयमालाकाकींना आपला बंगला दिसेना, म्हणून गावातले दिवे वाढवले. केरबातात्यांना आपला ऊस दिसेना, म्हणून चांदणं वाढवलं. आत काय काय बटणं आहेत ते तरी बघू दे, असं कुणीतरी म्हणालं, म्हणून विमानातले दिवेही मोठे केले. तिला रडू फुटायचंच बाकी होतं. रहिमतपूर असं लखलखलं की जत्रेतसुद्धा कधी लखलखलं नसेल. भावकी लय खूश झाली.

"आता कशी रात्र झाली बग!" नाना म्हणाले.

धावपट्टीचे दिवे मात्र त्या झगमगाटात बुडून गेले. समोरच्या काचेत विमानातलेच दिवे चमकत होते. कराड कधी आलं न् कधी गेलं, कळलंच नाही. विमान सरळ डोंगरात घुसलं.

"बगा," नाना म्हणाले, "पोरीच्या जातीला न्हाई जमत ह्ये." यशराज मान खाली घालून बसले.

शिवांजलीचं डोकं सणकलं. तिनं सेटिंगमधले सगळे आकडे परत खाली आणले, विमान पुन्हा रहिमतपूरवर आणून ठेवलं, उठून खिडक्यांचे पडदे ओढले आणि ट्यूबलाइट बंद केली.

"आता कुनी बोलायचं न्हाई," ती म्हणाली. "तुमाला दिसायची गरजच न्हाई. विमान मी चालवतीया."

अंधारात कुणीतरी खोकलं. बराच वेळ नुसतं इंजिन घुमत राहिलं. मग टीव्हीच्या काळ्याभोर पडद्यावर दिव्यांच्या दोन बारक्या रांगा उगवल्या, सरळ होत जवळ आल्या आणि चाकं टेकली. विमान थांबलं. यशराजांनी रोखून धरलेला श्वास सोडला, तो सगळ्यांना ऐकू आला.

कुणीतरी ट्यूब लावली. नानांनी घसा साफ केला.

"मी म्हनलं न्हवतं, पोरगी हुशार हाय म्हनून! आमी चार गोष्टी सांगितल्या, तवा उतरलं." भावकीनं माना हलवल्या. थोडी कुजबुज झाली आणि निकाल लागला. "पोरीला पायलट कराय भावकीची हरकत न्हाई. फकस्त एक अट हाय. विमान दिवेलागणीच्या आत घरी आलं पायजे."

शिवांजलीनं वडलांकडं पाहिलं. आता हे 'व्हय, नाना' म्हणणार, असंच तिला वाटलं. जन्मभर ते तेच म्हणत आले होते.

यशराज उठून उभे राहिले.

"नाना, पोरगी रातीचीबी उडनार," ते म्हणाले. "आनि फुडच्या बारीला मी तुमास्नी इचारनार न्हाई."

नानांनी बसायची खूण केली, पण ते खाली बसले नाहीत.