टाकी पूर्ववत बसवण्याबाबत

टाकी निघाली, भिंत पडली, सासूबाई खूश झाल्या. हे तुम्ही वाचलंच नाही असं समजू. टाकी जागच्या जागी आहे आणि धाकटा जावई तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा आहे.

घरामागे सासऱ्यांची बंद पडलेली लाँड्री होती आणि तिच्या बॉयलरखोलीत तेलाची टाकी. खोली पाडून टाकी हलवायचं काम रीतसर थोरल्या जावयांकडे गेलं असतं, कारण या घरातलं प्रत्येक काम त्यांच्याकडेच जायचं. हे धाकट्याने मागून घेतलं होतं. थोरल्या लेकीकडे गेलेल्या सासूबाई परतायच्या आत जागा मोकळी झाली नाही, तर ‘थोरल्यांनाच सांगायला हवं होतं’ हे वाक्य त्याला मरेपर्यंत ऐकावं लागणार होतं. कदाचित त्यानंतरही.

सासूबाईंची अट एकच: माणसं इथलीच हवीत. काही बिघडलं तर कुणाच्या दारात जाऊन बसायचं ते ठाऊक असावं.

म्हणून त्याने जवळचा तोडकामवाला आणि जवळचाच टाकीवाला ठरवला. ते एकमेकांचे साडू आहेत, आणि एकाने दुसऱ्याची शिडी एक पायरी कमी करून परत केल्यापासून त्यांच्यात बोलणं नाही, हे त्याला कामाच्या दिवशी कळलं.

“जावईबापू, त्यांना सांगा,” हातभर अंतरावरच्या साडूकडे पाठ करून तोडकामवाला म्हणाला, “आत तेलाचा गाळ असेपर्यंत मी घण उचलणार नाही. ठिणगी पडली तर तिघेही उडू.”

“त्यांना सांगा,” टाकीवाला म्हणाला, “भिंत पडून वारा आल्याशिवाय मी आत पाऊल टाकणार नाही. गुदमरायला मला सवड नाही.”

दोघांचंही बरोबर होतं. जावयाने निरोप इकडून तिकडे नेले, वाटेत थोडे गोडही केले. दोघे दोन कोपऱ्यांत डबे उघडून बसले.

शेवटी त्यानेच बाह्या सरसावल्या, खिडकीतून पाइप टाकीत सोडला आणि बाहेर बसून हातपंप मारला. पाइप दोनदा निसटला, दोन्ही वेळा तोंडावर. मग साबणाचं पाणी सोडून तेही उपसलं. टाकीवाल्याने मीटर लावून हवा तपासली आणि नाइलाजाने मान डोलावली. आता नाही म्हणायला कारणच उरलं नाही, म्हणून दोघे साडू नाराज झाले आणि कामाला लागले. भिंत पडली. टाकी साखळीला झुलत बाहेर आली.

जावई तोंड धुवायला नळाकडे धावला. नळ कोरडा. सगळं पाणी टाकी प्यायली होती.

तेवढ्यात गाडी आली. सासूबाईंना सोडायला आलेले थोरले जावई आधी उतरले आणि सहज टाकीवर हात ठेवून उभे राहिले. सासूबाईंनी नेमकं तेवढंच पाहिलं.

“थोरले असले की काळजी नसते,” त्या म्हणाल्या. थोरल्यांनी विनयाने खाली बघितलं.

मग काळाकुट्ट धाकटा पुढे आला. सासूबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि दारात आलेल्या धाकट्या लेकीला म्हणाल्या, “टाकीवाल्याचा माणूस दिसतोय. पाणी दे गं त्याला.” लेकीला हसू आवरेना, त्यामुळे ओळख करून द्यायची राहिली.

रात्री नळाला पाणी आलं. तिसऱ्या आंघोळीनंतर त्याने अर्ज लिहून सासूबाईंच्या उशाशी ठेवला:

‘सबब विनंती की, सदर टाकी मूळ जागी पूर्ववत बसवून भोवती भिंत बांधून देण्यात यावी, जेणेकरून अर्जदारास ती आपल्या समक्ष पुन्हा काढता येईल. त्या वेळी थोरल्या जावयांना गाडीतून उतरू देऊ नये.’