कुलूपबंद घरं

प्रोफेसरसाहेबांनी सगळी हयात लोकांच्या तहानेवर काढली, पण स्वतः कधी एक बादली उचलली नाही. टंचाई कुठल्याही देशात पडो, साहेबांचं विमान तिथे आधी पोचलेलं! 'संसाधन सुरक्षा' हे शब्द ते असे तोंड भरून उच्चारायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, झाली बुवा सोय. भिंतीभर मानपत्रं होती. अक्कल? तिचं नावच काढू नका.

त्यांच्या हाताखालच्या संशोधिकेला हे सगळं ठाऊक होतं. तरी ती मूग गिळून बसायची, कारण तिची मावशी टेकडीवरच्या वस्तीत राहायची. तिथे पाण्याची टाकी बांधायची की नाही, हे साहेबांच्या अहवालावर ठरणार होतं. मदत देणारी परदेशी संस्था त्यांच्याच शब्दावर चालायची.

अहवाल तयार झाला. म्हणे, वस्तीत टंचाईच नाही!

ती तडक त्यांच्या खोलीत गेली. "सर, आपली माणसं पाहणीला भर दुपारी वस्तीत गेली. ज्यांच्या दारात नळ, त्याच बायका घरी सापडल्या. बाकीच्या पाण्यासाठी टेकडी उतरलेल्या. त्यांच्या दाराला कुलूप बघून आपण ती घरं वगळली."

"कुलूपबंद घर वगळायचं हा नियमच आहे, बाई. जगभर चालतो."

"मग संध्याकाळी जायचं ना!"

"संध्याकाळी ऑफिसची गाडी मिळत नाही," साहेब म्हणाले, आणि वर चष्मा पुसत बसले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संस्थेच्या बैठकीत साहेबांचं भाषण रंगात आलं असताना ती उठली आणि कुलपांची गोष्ट सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाली. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. पण क्षणभरच.

"मी याच मुद्द्यावर येत होतो," ते म्हणाले. "कुलूपबंद घरांकडे जगात कुणीच पाहिलेलं नाही. यावर स्वतंत्र अभ्यास हवा."

संस्थेचे परदेशी पाहुणे भारावले. टाकीचा निधी तिथल्या तिथे अभ्यासाकडे वळला, आणि टाळ्यासुद्धा पडल्या. निर्लज्जपणाला काही सुमार? साहेबांनी जाता जाता तिची पाठ थोपटली, तेव्हा तिला शिसारी आली.

ती बाहेर पडते न पडते तोच मावशीचा फोन आला. "काय गं, झाली का टाकी मंजूर?"

"नाही मावशी. अभ्यास मंजूर झाला. तीन वर्षांचा."

"कसला अभ्यास?"

"तुम्ही दुपारी घरी का नसता, याचा."

मावशी म्हणाली, "बरं. कधी येणार म्हणाले ते?"

"दुपारीच."

"मग कशी व्हायची गं भेट?" मावशी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तिला पाण्याला जायला उशीर होत होता.