रंग पसंत आहे

मंदाबाईंनी फोन ठेवला आणि ओट्यावरचा गॅस बंद केला. फोन सिनेमावाल्यांचा होता. "काकू, जयाचा रंग सरांना पसंत आहे. उद्या सकाळी सेटवर पाठवा," असं तिथला भूपेंद्र नावाचा मुलगा म्हणाला होता.

रंग पसंत आहे! जयाच्या जन्मापासून हे शब्द मंदाबाईंनी कोणाच्याच तोंडून ऐकले नव्हते. पाहायला आलेली मंडळी पोहे खायची, पोरीच्या शिक्षणाची तारीफ करायची, निघताना 'कळवतो' म्हणायची आणि कळवायची मात्र नाहीत. एका शहाण्या बाईनं तर चपला घालता घालता हळदीचा लेप सुचवला होता. आता याच भागातल्या एका काळ्या पोरीवरचा सिनेमा पुलगावजवळ होणार होता, आणि वर्ध्याच्या कॉलेजात नाटकं गाजवलेली जया त्यासाठी कॅमेऱ्यासमोर बोलून आली होती. आणखी काय पाहिजे? जयाच्या बाबांनी, बंडूजींनी, किराणा दुकान भरदुपारी बंद केलं, पेढे आणले आणि अख्ख्या नाचणगावात नवरीमुलीच्या बापासारखे मिरवले.

"हिरोईन झाली आपली पोरगी!"

दुसऱ्या दिवशी मायलेकी सेटवर पोचल्या. जयाला खुर्ची मिळाली, चहा मिळाला. शेजारच्या खुर्चीवर मुंबईची एक गोरीपान नटी बसली होती.

"ताई, हात पुढे करा," मेकअपवाला म्हणाला.

जयानं केला. त्यानं तिच्या मनगटावर रंगाचा पट्टा ओढला, मान हलवली, पुन्हा रंग कालवला, पुन्हा ओढला. पट्टा तिच्या कातडीत मिसळून दिसेनासा झाला तेव्हा तो खूश झाला, वळला आणि तोच रंग नटीच्या गालावर चढवू लागला.

मंदाबाई पुढे धावल्या. "अरे बाप्पा, तिले काऊन लावून राह्यले? काम तं माह्या पोरीचं हाये ना?"

भूपेंद्र बिचारा गोंधळला. "काम मॅडमचं आहे, काकू. मी फक्त रंग पसंत आहे म्हणालो होतो. नमुन्यासाठी."

इतक्यात दिग्दर्शक आले, नटीकडे डोळे बारीक करून पाहत राहिले.

"एवढी काळी नको रे. लोक बघणार नाहीत. जरा उजळ कर."

मेकअपवाल्यानं ओल्या फडक्यानं नटीचा गाल पुसला. जयाचा हात अजून पुढेच होता. मंदाबाईंनीच तो हात धरला आणि पोरीला तिथून उठवलं.

ऑटोत बसल्यावर जया म्हणाली, "आई, घरी सांगजो, मीच नाई म्हटलं म्हणून. बाबाले बाकीचं नोको सांगू."

मंदाबाईंनी तसंच सांगितलं. आता माणूस चिडणार, पेढ्यांवरून बोलणार, असं त्यांना वाटलं होतं. बंडूजी क्षणभर बघत राहिले आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"आजपावतो सारे आपल्या पोरीले नाई म्हणत गेले. आज तिनं म्हटलं! तेही मुंबईवाल्यायले!"

ते टोपी चढवून ही बातमी सांगायला निघाले. मंदाबाई दारापर्यंत गेल्या, पण त्यांना हाक मारायला तोंड उघडेना.