महादूची पकड

कपाटावर चार बाटल्या होत्या. दोन हळदीच्या अर्काच्या, एक हिरव्या चहाची, एक द्राक्षाच्या बियांची. तीन रिकाम्या, चौथीत नऊ कॅप्सूल. जानेवारीपासून एकही चुकली नव्हती, कारण मंजुळा नवऱ्यासमोर उभी राहून ती गिळायला लावायची.

वेसाव्याच्या त्या घरात रोशनीने लॅबमधून आणलेलं पकड मोजायचं यंत्र टेबलावर ठेवलं. जानेवारीत तिने बापाच्या, महादूच्या, हाताची पकड मोजली होती: सव्वीस किलो. तेव्हा त्यानेच अट घातली होती. नारळी पौर्णिमेपर्यंत आकडा अठ्ठावीसच्या वर गेला, तर होडीचं सुकाणू त्याच्याकडे. नाहीतर होडीचा तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा, पुतण्या कृणाल. पौर्णिमा उद्यावर आली होती.

महादू अंगणात जाळं आवरत होता. मंजुळा लेकीच्या कानाशी आली.

“कमी आलं ना, तर थोडं वाढवून सांग गो.”

“आणि समुद्रात सुकाणू सुटलं हातातून, तर?”

“नाय सुटायचं. औषध घेतलंय त्याने. विकणाऱ्याने दाखवलं ना मला, नळीत औषध टाकलं नि जांभळं पाणी बघता बघता पिवळं. आणि मी नाय का बांगड्याला कोकमाचं पाणी लावत? खवट होतो का कधी? वारा लागूनच मासा बिघडतो. माणूस पण तसाच.”

“नळीतला रंग उतरतो, ते खरं. उंदरांवरही थोडंफार दिसलंय. पण माणसाचं म्हातारपण त्याने हळू येतं, असं अजून कुणाला नीट दाखवता आलेलं नाही. आणि आये, कोकमाने टिकतो तो मेलेला मासा.”

मंजुळाने चौथ्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. ते घट्टच होतं. शेवटचं वाक्य गिळायला हवं होतं, असं रोशनीला वाटलं.

महादू टॉवेलला हात पुसत आत आला. “काय गो मास्तरीण, तुझ्या यंत्राला म्हावऱ्याचा वास लागेल हां.”

“लागू दे. कोपर अंगाला लाव. दाब.”

त्याने तीनदा दाबलं. तिसऱ्या वेळी मानेची शीर टरारून आली, ओठ पांढरे पडले. मंजुळा चौकट धरून उभी होती. यंत्राकडे नव्हे, लेकीच्या तोंडाकडे बघत.

“बोल,” महादू म्हणाला. “आयेकडे बघू नको. मला सांग.”

तिन्हींतला मोठा आकडा रोशनीने वाचला.

“तेवीस पूर्णांक चार किलो.”