आषाढातली होडी

जपानी व्हिडिओ गेमचा मराठी मजकूर तपासायचं काम मी श्रीवर्धनला घरी बसून करते. सध्याच्या गेममधला योद्धा मारामारी थांबवून कुठेही मांडी घालतो आणि हायकू रचतो. तीन ओळी, पाच, सात, पाच अक्षरं. आमच्या निकेतसरांनी हे हायकू म्हणे कोकणच्या मातीतले केले. सरांची माती म्हणजे वाशीतल्या सातव्या मजल्यावरच्या कुंड्या! किनाऱ्यावरचा हायकू त्यांनी असा केला:

आषाढसरी
एकटी होडी निघे
दूर दर्यात

व्हिडिओ कॉलवर मी म्हटलं, "सर, आषाढात दर्या खवळलेला असतो, होडी कोणी काढत नाही. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडतात, मगच होड्या निघतात. आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल."

सरांनी बोटांवर अक्षरं मोजली. "पाच, सात, पाच. बरोबर आहे ना? मग तुला त्रास काय आहे?"

मी लॅपटॉप उचलून खिडकीकडे फिरवला. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आमची होडी अंगणाच्या कडेला नारळाच्या झापांखाली झाकलेली होती.

"वा, काय बॅकग्राउंड आहे!" असं म्हणून सरांनी कॉल बंद केला.

पडवीत जाळं विणत बसलेल्या बाबांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी तो हायकू मला पुन्हा वाचायला लावला आणि हातातली सुई खाली ठेवली.

"तुज्या सायबाला त्या होडीवाल्याचं नाव इचार," ते म्हणाले. "त्याच्या घरी कुनीतरी सांगाया पायजे."