लिटरमागे चोवीस

माझी गाडी लिटरला चोवीस देते. पूर्वी हे मी न विचारता सांगायचे. आता कोणी विचारलंच तर सांगते, आणि सांगताना तोंड कडू होतं.

आम्ही चौदा नर्सेस. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जायचं, जखमा पुसायच्या, इंजेक्शनं द्यायची, नळ्या बदलायच्या, पाठ सोलवटली असेल तर कूस बदलून द्यायची. कंपनीने प्रत्येकीला एकेक छोटी गाडी दिलेली. इंजिन म्हणाल तर शिलाई मशीनपेक्षा जरासं मोठं. चढावर दोघं बसले की कण्हायला लागते. गाडी असेल तर काम, गाडी काढून घेतली की काम संपलं, इतका सरळ हिशोब. घरोघर बसने फिरणारी नर्स कोणाला हवी आहे?

गाड्यांचा कारभार बघायचा एक साहेब. प्रत्येक वाक्यात ‘थेंब न थेंब’ म्हणायचा म्हणून आम्ही त्याला थेंबसाहेब म्हणायचो. त्याने ऑफिसात पांढरा फळा लावला होता. महिना बदलला की त्यावर चौदा गाड्यांचं अ‍ॅव्हरेज लिहायचं, वरपासून खालपर्यंत उतरत्या क्रमाने, म्हणजे शेवटचीला आपण शेवटच्या आहोत हे चहा पिताना रोज दिसलं पाहिजे. बाकीच्यांचं सतरा, अठरा, फार तर एकोणीस. माझं चोवीस.

आता मी गाडी बरी चालवते हे खरंच आहे. उगाच नम्रपणा कशाला? दर सोमवारी टायरची हवा बघते. डिकीत पाण्याचा कॅन, जुन्या चपला, छत्र्या असला संसार ठेवत नाही. पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढते, ब्रेक मारून पेट्रोलची राख करत नाही. उतारावर न्यूट्रल टाकणाऱ्या शहाण्यांना तर मी फटकारतेच. अरे, गिअरमध्ये ठेवून पाय काढलास तर इंजिनाला थेंब लागत नाही, न्यूट्रलमध्ये उलट लागतो! पण एवढं सगळं करून माझं अ‍ॅव्हरेज वीसवर जायचं. वरचे चार कुठून यायचे, ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

ते असं झालं. माझे चार रोगी टेकडीवर राहायचे. एकदा त्यांच्या रस्त्यावर पाइप टाकायला खणलं, म्हणून पंधरा दिवस गाडी खाली पायथ्याशी ठेवून मी पायऱ्यांनी चढले. त्या महिन्यात आकडा टुणकन वर गेला. पहिल्या गिअरमध्ये घरघरत चढताना ही गाडी किती पिते, ते मला तेव्हा कळलं. रस्ता बुजवला, पण मी गाडी वर न्यायची बंदच केली. चढायला-उतरायला वीस-वीस मिनिटं. तो वेळ कुठून आणला? कुठून आणणार, रोग्यांच्याच वेळातून. जखम दोनदा पुसायची ती एकदा, बोलणं तर नाहीच. फळ्यावर मात्र मी पहिली. थेंबसाहेबाने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही बाई मजेत चढले. पन्नाशीला आल्यावर शाळेतल्यासारखा पहिला नंबर मिळाला तर माणूस शेफारतंच.

एक दिवस त्याने सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि मला पुढे उभं केलं. म्हणाला, “सिस्टर, यांना सांगा तुमचं गुपित.”

मी टायरची हवा सांगितली, सिग्नल सांगितला, न्यूट्रल सांगितलं. “बाकी काही नाही हो,” मी म्हणाले, “पाय हलका पाहिजे.” टाळ्या पडल्या. पायऱ्यांबद्दल ताकास तूर लागू दिली नाही.

आठ दिवसांत परिपत्रक निघालं. एकीला चोवीस जमतं तर बाकीच्यांना बावीस का नाही? बावीसच्या खाली सलग तीन महिने, तर गाडी परत.

आता धाकटीचं सांगते. धाकटी म्हणजे माझी जाऊ. आम्ही एकाच घरात, एकाच ओट्यावर. तिला या नोकरीत मीच ओढलं. गाडीही मीच शिकवली, मागच्या मैदानात, दोन वेळा कुंपणाला ठोकून. भावजींचा कारखाना बंद पडल्यापासून ते, ती आणि मुलगी, तिघं तिच्या पगारावर. ती घरी बसली असती तर भावजींनी माझ्या नवऱ्यापुढे हात पसरला असता, आणि दोघे भाऊ मनाने किती मोठे आहेत ते मला ठाऊक आहे. म्हणजे ती नोकरी नुसती नोकरी नव्हती. त्या घरात तिची मान त्या नोकरीने ताठ होती.

आणि माझे चार सोडले तर टेकडीवरची सगळी वस्ती तिच्या वाट्याला. अकरा रोगी, अकराही वर. तिचं अ‍ॅव्हरेज अठरा. पहिल्या महिन्यात अठरा, दुसऱ्यात अठराच. बाकीच्या सपाटीवरच्या, माझं ऐकून त्या कशाबशा बावीसवर आल्या; ही फळ्यावर तळाला.

मी काय करत होते? मूग गिळून बसले होते. रोज रात्री एका ताटलीतलं मीठ दोघी घ्यायचो, आणि मी तिला सांगायचे, “होईल गं, सवय होईल.” स्वतःचीच जीभ हासडावीशी वाटायची. मग सकाळी फळा दिसायचा, माझं नाव वर, आणि जीभ जागेवरच राहायची.

तिसरा महिना लागला तेव्हा ती म्हणाली, “ताई, एक दिवस माझ्या गाडीत बसता का? काय चुकतंय ते बघा तरी.”

मी बसले. सुट्टीचा दिवस होता. ती अगदी माझ्यासारखी चालवत होती, मीच शिकवलेलं ना! वेळेवर गिअर, सिग्नलला लांबूनच पाय काढणं, डिकी रिकामी. चूक म्हणून काढायला काही नव्हतं. मग टेकडीचा चढ आला. तिने पहिला गिअर टाकला, गाडी कण्हायला लागली, आणि समोरच्या छोट्या पडद्यावर आकडा घसरत घसरत सहावर आला. लिटरला सहा! वळणामागून वळण, आकडा सहावरच. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत होतो.

ती म्हणाली, “इथेच जातं सगळं. इथे काय करायचं, ताई?”

तिने गाडी बाजूला घेऊन उभी केली. इंजिन बंद केलं. खिडकीची काच खाली घेतली आणि माझ्याकडे तोंड करून बसली. घाई अशी काही नव्हती तिला. मला बोलायला एवढा वेळ त्याआधी कोणी दिला नव्हता आणि नंतरही दिला नाही.

मी म्हणाले, “क्लच जरा लवकर सोडतेस तू.”

तिने काच वर घेतली. मग म्हणाली, “बरं.” आणि गाडी सुरू केली.

तिने महिनाभर क्लच सांभाळला. महिन्याचा आकडा आला साडेअठरा. दुसऱ्या दिवशी थेंबसाहेबाने किल्ली मागितली. तिने किल्लीची कडी सोडवून घेतली, कारण कडी तिच्या मुलीने दिलेली होती, आणि नुसती किल्ली टेबलावर ठेवली. बसने घरी आली. भावजी दारात उभे होते, बाजूला सरकले. माझा नवरा जेवताना बोलला, “बायकांना गाडी दिली की हेच होणार.” त्याची बायको पहिला नंबर काढते हे त्याच्या गावीही नव्हतं. धाकटी ताटावरून उठली नाही, सगळं जेवली, खाली मान घालून.

मला ते बघवेना. चार दिवस कसेबसे काढले आणि पाचव्या दिवशी थेंबसाहेबाच्या खोलीत जाऊन सगळं ओकले. म्हटलं, साहेब, माझं चोवीस खोटं आहे. मी गाडी वर नेतच नाही. खाली ठेवते आणि चालत जाते. चढावर ही गाडी सहा देते, कोणीही चालवली तरी सहाच. तिचा काही दोष नाही. तिला परत घ्या, वाटलं तर माझी गाडी काढून घ्या.

वाटलं, आता हा उठून ओरडेल. तो खुर्चीत मागे टेकला, आणि त्याचा चेहरा चक्क उजळला.

“अहो सिस्टर, मग हे आधी नाही का सांगायचं? केवढी साधी गोष्ट!”

“म्हणजे तिला परत...”

“तिची गाडी तर दिली दुसऱ्या ऑफिसला. आता कसं शक्य आहे? पण तुमची ही युक्ती झकास आहे. थेंब न थेंब वाचेल. शिवाय तुम्हा सगळ्यांना व्यायाम!”

दुसऱ्या दिवशी फळ्याशेजारी नवं परिपत्रक लागलं. चढाच्या रस्त्यावर गाडी नेऊ नये. पायथ्याशी ठेवून चालत जावे. भेटींची संख्या आहे तीच राहील. खाली सही, शिक्का. ज्यांच्या गुडघ्यांत दम नाही त्या दोघींनी माझ्याकडे बघितलं ते बघणं अजून आठवतं. धाकटीचे अकरा रोगी आमच्यात वाटले. माझ्या वाट्याला तीन आले.

बैल गेला नि झोपा केला, तसं झालं. पण मला वाटलं, निदान तिला तरी सांगून टाकावं. त्या दुपारी ती गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. मी दुसऱ्या टोकाने काढायला लागले आणि काढता काढता सांगितलं. पायऱ्या, पंधरा दिवस, फळा, हॉलमधलं भाषण, क्लच, साहेब, परिपत्रक. काही लपवलं नाही. सांगताना रडले पण.

ती चादरीची घडी घालत होती. घडी पुरी केली. म्हणाली, “मला माहीत होतं.”

“काय?”

“दुसऱ्या महिन्यात एकदा खालून जात होते. तुमची गाडी पायथ्याशी दिसली. दुसऱ्या दिवशीही दिसली. म्हणून तर तुम्हाला गाडीत बसा म्हटलं.”

माझ्या हातातलं कापड हातातच राहिलं. मी म्हणाले, “अगं, मग तू का नाही चालत गेलीस? तुझंही झालं असतं बावीस.”

“गेले ना. तीन दिवस गेले. वरच्या टोकाला ते लुळे आजोबा आहेत, त्यांची आंघोळ होईना. वेळच उरेना. म्हणून सोडून दिलं.”

“मग साहेबाला तरी सांगायचंस, माझं नाव घेऊन! मला राग आला नसता.”

“आला असता,” ती म्हणाली. “आणि सांगून काय झालं असतं? तुम्ही सांगितलंत, काय झालं?”

तिने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. घडी घातलेल्या कपड्यांचा गठ्ठा तिने उचलला आणि जिन्यापर्यंत गेली. तिथे थांबली.

“ते आजोबा आता कोणाकडे?”

“माझ्याकडे.”

“त्यांना नुसतं अंग पुसून चालत नाही, ताई. पाठीखाली घाम साठतो, कातडं सोलवटतं. खुर्चीत बसवून नीट आंघोळ घालावी लागते, डोक्यावरून. लाजतात, पण पाणी पडलं की गप्प होतात. पाऊण तास धरा.” मग म्हणाली, “घालाल ना?”

मी म्हणाले, “घालते गं. न घालायला काय झालं?”

दुसऱ्या दिवशी गाडी खाली ठेवली आणि चढले. वर पोहोचेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली होती, छाती भात्यासारखी हलत होती आणि अजून पाच घरं बाकी होती. आजोबांनी न्हाणीघराच्या दाराकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. बादली भरून ठेवली होती सुनेने, वाफ येत होती.

मी टॉवेल ओला केला, त्यांचं अंग पुसलं, आणि खाली उतरले.