तळाशी बसलेलं मीठ

राजकुंवरनं चिमूटभर मीठ बाटलीत सोडलं, बूच लावलं, बाटली हलवली. आणखी एक चिमूट. मग पदराला बोटं पुसून ती दुकानामागच्या खोलीतून बाहेर पडली.

कापूर, ओव्याचं फूल, पेपरमिंट. तिन्ही कोरडे खडे. एकत्र केले की पाण्याचा थेंबही न घालता पातळ होतात. लग्न होऊन जळगावला आल्यापासून दुकानातली अमृतधारा, पोटदुखीवरचे थेंब, राजकुंवरच करायची. मग धाकटी जाऊ कुसुमलता आली, धुळ्याहून, बी.एस्सी. होऊन. सासऱ्यांनी, केवलचंदांनी, ते काम तिच्याकडे दिलं.

राजकुंवरला विचारलं नाही. विचारणार कसं? ती त्यांच्यासमोर घुंघट घेते, बोलत नाही. कुसुमलता उघड्या तोंडानं बोलते. बाबूजी, याचं कारण सांगू? बाबूजी हसतात.

एवढा कापूर विरतो, तर मीठ का नाही? गिऱ्हाईक थेंब जिभेवर घेईल आणि थुंकेल. मग बघू बी.एस्सी.

दुपारी खेड्यावरून आलेल्या गिऱ्हाईक भागाबाईनं तीच बाटली उजेडात धरली.

"शेठ, तळाले हाई काय शे? साखर?"

केवलचंदांनी बाटली हलवली. पांढरे कण उठले, फिरले, जसेच्या तसे खाली बसले.

"छोटी बहू!"

कुसुमलता आली. एक कण काढून तिनं चाखला.

"मीठ आहे, बाबूजी. यात विरघळत नाही ते. पाणीच नाही ना यात."

"ते ठीक. टाकलं कुणी?"

कुसुमलतानं आतल्या दाराकडे पाहिलं.

"भाभीसांनी. विरघळतं का, ते बघायचं होतं त्यांना."

ही चुगली, की पांघरूण? राजकुंवर दाराची कडी घट्ट धरून उभी. आणि केवलचंद, भर दुकानात, पहिल्यांदाच तिच्याकडे वळून विचारत होते, "काय बहू? काय वाटलं होतं तुला?"

"बोल ना माय," भागाबाई म्हणाली. "सासराच शे, वाघ थोडाच शे!"

घुंघट हलला.

"वाटलं, विरघळेल."

हा आवाज केवलचंदांनी आजवर भिंतीपलीकडूनच ऐकला होता.

"बरं," ते म्हणाले. "जा आता, चहाचं—"

"आणि बाबूजी," राजकुंवर थांबली नाही, "हिच्या हातून कापूर जास्त पडतो. वास घेऊन बघा."

कुसुमलतानं झटकन मान वर केली.

केवलचंदांनी बूच काढलं आणि बाटली नाकाशी नेली.